मागणीनुसार बनवून घेतलेला गेमिंग लॅपटॉप मालकाने कसा पारखावा

मागणीनुसार जुळवून घेतलेला, सर्वांत वरच्या श्रेणीतला गेमिंग लॅपटॉप हाती आल्यानंतरचे पहिले दोन दिवस त्याच्याविषयी मत बनवण्यासाठी सर्वांत वाईट असतात. कित्येक आठवडे वाट पाहिलेली असते, मोठी रक्कम गुंतलेली असते, आणि एकेक भाग आपणच निवडलेला असल्यामुळे तो उत्तमच निघावा अशी मनाची ओढ असते. नेमकी याच दिवसांत यंत्र परत करण्याची मुदतही चालू असते. म्हणून या काळात मत बनवण्याची घाई करू नये. मोजमाप करावे आणि ते एका वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. माझा स्वतःचा लॅपटॉप मी पावणेदोन वर्षे रोज वापरत आहे, आणि त्याच्याविषयी आज मला जे काही खात्रीने सांगता येते, ते त्या वहीमुळेच. पुढे जे लिहिले आहे ते त्या वहीत काय टिपावे, कसे टिपावे आणि कोणत्या आकड्याला किती वजन द्यावे याविषयी आहे.

आधी आपण काय घेतले ते ओळखावे

'कस्टम' हा शब्द ऐकून पुष्कळांचा असा समज होतो की विक्रेत्याने संपूर्ण लॅपटॉप आपल्यासाठी घडवला. प्रत्यक्षात अशा बहुतेक लॅपटॉपांचा सांगाडा, म्हणजे बाहेरचे आवरण, मदरबोर्ड, पंखे, हीटसिंक (चिपांची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) आणि स्क्रीन, हे सारे तैवानची क्लेव्हो किंवा चीनची टाँगफाँग यांसारख्या मूळ उत्पादकांकडून तयार येते. एक्सएमजी, पीसीस्पेशालिस्ट, युरोकॉम यांसारखे विक्रेते त्या सांगाड्यात रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड आणि थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) आपल्या मागणीप्रमाणे बसवतात, काही वेळा बायोसही (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) स्वतःच्या पद्धतीने जुळवून घेतात, आणि चाचणी करून यंत्र पाठवतात. त्यामुळे एकच सांगाडा चार वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. लॅपटॉप उलटा करून तळाच्या स्टिकरवर किंवा बायोसच्या माहितीपानावर मूळ सांगाड्याचा क्रमांक शोधावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पुढे एखादी अडचण आली, तर त्याच सांगाड्याच्या, पण दुसऱ्या नावाने विकलेल्या यंत्रांच्या मालकांचे अनुभवही आपल्या उपयोगी पडतात. माझ्या टचपॅडच्या एका त्रासाचा उलगडा मला असाच झाला होता.

ज्यांची मागणी अजून नोंदवायची आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की रॅम आणि एसएसडी बहुतेक यंत्रांत पुढे वाढवता येतात, परंतु ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर आता जवळजवळ सर्वत्र मदरबोर्डवर कायमचे जोडलेले असतात. एमएक्सएम या पद्धतीची बदलता येणारी ग्राफिक्स कार्डे एके काळी या वर्गाचे वैशिष्ट्य होती. ती आता जवळपास नाहीशी झाली आहेत, आणि फ्रेमवर्क लॅपटॉप १६ सारखे बदलता येणाऱ्या ग्राफिक्सचे यंत्र अपवादानेच दिसते. तेव्हा हात आखडता घ्यायचाच असेल, तर तो साठवणुकीत घ्यावा, ग्राफिक्समध्ये घेऊ नये.

चालू करण्यापूर्वी आणि पहिल्या संध्याकाळी

खोके उघडताना छायाचित्रे काढावीत. कोपरे, बिजागऱ्या, तळाचे स्क्रू आणि स्क्रीनची कड नीट पाहावी. लॅपटॉपचे आणि अडॅप्टरचे वजन वेगवेगळे करून लिहावे, कारण जाहिरातीतला आकडा सहसा एकट्या लॅपटॉपचा असतो आणि ३३० वॉटचा अडॅप्टर स्वतःच विटेएवढा असतो. पिशवीत रोज दोन्ही जाणार आहेत.

चालू केल्यावर पडदा काही वेळ काळाच राहिला, तर घाबरून बटण दाबून धरू नये. डीडीआर५ रॅम नव्याने बसवली असेल, तर पहिल्या वेळी यंत्र त्या रॅमची जुळणी करून घेते आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात.

अनेक जण आल्याआल्या विंडोज पुसून पुन्हा टाकतात. तसे करण्यास माझी हरकत नाही, मात्र त्यापूर्वी विक्रेत्याने दिलेली ड्रायव्हरांची फोल्डरे, पंख्यांचे नियंत्रण करणारा प्रोग्राम आणि बायोसची आवृत्ती यांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी. या यंत्रांत पंख्यांचे आणि वीजमर्यादेचे नियंत्रण पुष्कळदा त्या एकाच प्रोग्रामकडे असते, आणि तो हरवला तर यंत्र कायम एकाच अवस्थेत अडकते. शिवाय मूळ स्थितीतले मोजमाप झाल्याशिवाय काहीही बदलू नये, नाहीतर पुढे दिसणारा दोष यंत्राचा की आपल्या बदलाचा, हे कधीच ठरवता येत नाही.

पडद्याची तपासणीही याच संध्याकाळी उरकावी. पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे असे एकेक चित्र पूर्ण पडद्यावर लावून मेलेले पिक्सेल शोधावेत. आयपीएस पडद्यात अंधाऱ्या खोलीत कडांवरून झिरपणारा प्रकाश पाहावा, मिनी-एलईडीमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा बाण फिरवून त्याच्याभोवती वलय दिसते का ते पाहावे, आणि ओलेड असेल तर कमी प्रकाशात तासभर वाचून डोळ्यांना ताण जाणवतो का याकडे लक्ष द्यावे, कारण असे अनेक पडदे प्रकाश कमी करण्यासाठी वेगाने उघडझाप करतात आणि काहींना ती सोसत नाही. पडद्याचा वेग विंडोजमध्ये खरोखरच २४० हर्ट्झवर ठेवलेला आहे ना, हेही पाहावे. तो ६० वर राहिलेला असतो आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता नसतो, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

नावावर जाऊ नये, वॉट मोजावेत

या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त गैरसमज ग्राफिक्स चिपच्या नावामुळे होतात. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या डेस्कटॉप आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कूडा कोअर (गणना करणारे छोटे घटक) आणि २४ जीबी मेमरी असते आणि ती ४५० वॉटपर्यंत वीज घेते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी असते. म्हणजे कोअरांच्या संख्येने ती डेस्कटॉपच्या ४०८० च्या जोडीला बसते. पुढच्या पिढीतही हाच प्रकार आहे: लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०९० मध्ये २४ जीबी मेमरी आहे, डेस्कटॉपच्या ५०९० मध्ये ३२ जीबी.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की लॅपटॉपची ४०९० उत्पादकाला ८० वॉटपासून १५० वॉटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवता येते, आणि त्यावर डायनॅमिक बूस्टचे २५ वॉटपर्यंत आणखी मिळू शकतात. नाव तेच राहते, परंतु सडपातळ यंत्रातली आणि जाडजूड यंत्रातली चिप यांच्या कामगिरीत ठळक अंतर पडते. म्हणून एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडून, जड खेळ पूर्ण तपशिलावर चालू असताना ग्राफिक्स चिप किती वॉट घेते, हे पाहून लिहून ठेवावे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. डायनॅमिक बूस्टचे ते २५ वॉट प्रोसेसरच्या वाट्यातून येतात, तेव्हा ज्या खेळात प्रोसेसरवरही भार आहे त्यात १७५ ऐवजी १५०-१६० दिसले, तर तो दोष समजू नये. मात्र प्रोसेसर जवळपास मोकळा असताना, ग्राफिक्सचा वापर ९५ टक्क्यांच्या पुढे असताना आणि तापमानही आटोक्यात असताना जर चिप ११०-१२० वॉटवरच अडून बसली, तर आधी कामगिरीचे प्रोफाइल (शांत, वेगवान अशी निवडलेली स्थिती) तपासावे, मग अडॅप्टर मूळचाच आहे का ते पाहावे, आणि तरीही फरक पडला नाही तर विक्रेत्याला विचारावे.

याच संदर्भात मक्स स्विचचा, म्हणजे ग्राफिक्स चिप पडद्याला थेट जोडणाऱ्या सोयीचा, उल्लेख करतो. तो नसेल किंवा हायब्रिड स्थितीत असेल, तर ग्राफिक्स चिपने तयार केलेली प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्समधून फिरून पडद्यावर येते आणि त्यात काही कामगिरी वाया जाते. वेगवान स्पर्धात्मक खेळांत, जिथे फ्रेम्सची संख्या खूप असते, तिथे हे नुकसान अधिक जाणवते. खेळताना थेट ग्राफिक्सची स्थिती ठेवावी. बॅटरीवर काम करताना हायब्रिडकडे परतावे, नाहीतर मोठी चिप उगाच जागी राहून बॅटरी संपवते.

उष्णता: सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

लॅपटॉपच्या बाबतीत शितावरून भाताची परीक्षा करता येत नाही. मिनिटभराच्या चाचणीत जवळजवळ प्रत्येक महागडा लॅपटॉप उत्तम आकडे देतो, कारण हीटसिंक अजून थंड असतो आणि प्रोसेसरला थोड्या वेळासाठी जास्त वीज घेण्याची मुभा असते. इंटेलच्या परिभाषेत अल्पकाळाची ती मर्यादा पीएल२ आणि दीर्घकाळाची मर्यादा पीएल१. कोअर आय९-१३९८०एचएक्स या प्रोसेसरची मूळ मर्यादा ५५ वॉट आणि कमाल टर्बो मर्यादा १५७ वॉट आहे. या दोन आकड्यांच्या मधे आपला लॅपटॉप पंधरा मिनिटांनंतर नेमका कुठे स्थिरावतो, हे त्या सांगाड्याच्या आणि थर्मल पेस्टच्या गुणवत्तेचे खरे माप आहे.

चाचण्या तीन कराव्यात आणि प्रत्येकीच्या आधी यंत्र दहा मिनिटे शांत ठेवावे. पहिली एकट्या प्रोसेसरची: सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची आवृत्ती. दुसरी ग्राफिक्सची: ३डीमार्कमधली टाइम स्पायची ताणचाचणी, जिच्यात तोच प्रसंग वीस वेळा चालतो आणि फ्रेम रेट ९७ टक्के किंवा त्याहून अधिक स्थिर राहिला तर यंत्र उत्तीर्ण होते. तिसरी दोन्ही मिळून: यासाठी कृत्रिम चाचणीपेक्षा आपण खरोखर खेळतो तोच एखादा जड खेळ एक तास चालवावा, कारण शेवटी जगायचे त्याच्याबरोबर आहे. तिन्ही वेळी एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये साठवावी, आणि वहीत खोलीचे तापमान, निवडलेले प्रोफाइल, लॅपटॉप कशावर ठेवला होता आणि पंख्यांची स्थिती या चार गोष्टी न चुकता लिहाव्यात. खोली दहा अंशांनी तापली की आतले आकडेही साधारण तेवढेच वर सरकतात. खोलीचे तापमान न लिहिलेली नोंद सहा महिन्यांनी काहीच कामाची उरत नाही.

आता आकडे कसे वाचावेत. लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअस असते, आणि वरच्या श्रेणीतला प्रोसेसर पूर्ण भाराखाली त्या मर्यादेला टेकणे ही आता नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे केवळ '९८ अंश' हा आकडा पाहून खचून जाऊ नये. त्या तापमानाला तो किती वॉट पेलतो हे पाहावे. १२० वॉटला ९५ अंश ही उत्तम शीतव्यवस्था आहे. ६५ वॉटला ९५ अंश म्हणजे काहीतरी बिघडले आहे. तापमान आणि वॉट ही जोडी कधीही तोडू नये.

दुसरा आकडा त्याहून बारीक आहे आणि माझ्या अनुभवात तोच निर्णायक ठरला. एचडब्ल्यूइन्फो प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचे (गणना करणाऱ्या गाभ्याचे) तापमान वेगळे दाखवते. माझ्या यंत्रात पहिल्याच आठवड्यात आठ मोठ्या कोअरांपैकी सहा ८३ ते ८६ अंशांवर होते आणि उरलेले दोन सतत १०० ला टेकत होते. कडेकडेच्या कोअरांत पाच-आठ अंशांचा फरक स्वाभाविक असतो. पंधराच्या वरचा फरक मात्र बहुधा असे सांगतो की हीटसिंक एका बाजूने नीट टेकलेला नाही किंवा पेस्ट सारखी पसरलेली नाही. मी विक्रेत्याला पहिले पत्र लिहिले त्यात 'लॅपटॉप फार तापतो' एवढेच होते, आणि तापमान उत्पादकाच्या मर्यादेत असल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. दुसऱ्या पत्रासोबत मी प्रत्येक कोअरचा आलेख, वॉट, खोलीचे २६ अंश तापमान आणि तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी जोडल्या. यंत्र परत मागवले गेले, हीटसिंक काढून पुन्हा बसवला गेला, आणि परत आल्यावर तोच फरक सहा अंशांवर आला. दीर्घकाळाची वीज ८८ वॉटवरून १०७ वर गेली. यंत्र तेच होते, प्रोसेसर तोच होता. तक्रार आकड्यांत मांडली म्हणून ती ऐकली गेली, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

ग्राफिक्स चिपसाठी चित्र सोपे आहे. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपा साधारण ८७ अंशांच्या आसपास वेग कमी करू लागतात. सत्तरी ते ऐंशीच्या थोडे पुढे स्थिरावल्या तर समाधान मानावे. मुख्य तापमान आणि 'हॉट स्पॉट' (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांच्यातले अंतरही लिहून ठेवावे. आज ते बारा अंश असेल आणि वर्षाने पंचवीस झाले, तर पेस्ट बदलण्याची वेळ आली असे समजावे.

लॅपटॉप मागच्या बाजूने थोडा उचलला तर तळातून हवा मोकळी आत येते. मी एकदा मागच्या दोन पायांखाली साधे खोडरबर ठेवून तीच एक तासाची चाचणी केली, तेव्हा प्रोसेसर चार अंशांनी उतरला आणि पंख्यांचा सूरही बदलला. महागड्या कूलिंग स्टँडचा विचार करण्यापूर्वी हे करून पाहावे.

आवाज आणि सहवास

पंख्यांचा आवाज हा असा विषय आहे की तो वाचून कळत नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पूर्ण वेगावर असे लॅपटॉप ५० डेसिबलच्या पुढे सहज जातात, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी भासते. फोनवरील मापकाचा आकडा अचूक नसतो, पण त्याच फोनने, त्याच अंतरावरून घेतलेल्या दोन आकड्यांची तुलना विश्वासार्ह असते. तीन नोंदी घ्याव्यात: काहीच चालू नसताना, लिहिण्यावाचण्याच्या कामात, आणि तासभर खेळल्यानंतर.

मात्र आवाजाच्या पातळीपेक्षा त्याचा स्वभाव अधिक छळतो. एकसारखी घोंघावणारी हवा काही मिनिटांत विसरली जाते. दर वीस सेकंदांनी चढणारा आणि उतरणारा पंखा विसरता येत नाही. रात्री सर्व शांत असताना एखादे लांबलचक पान वर-खाली सरकवून पाहावे. त्यावेळी कीबोर्डखालून बारीक किणकिण किंवा चिरचिर ऐकू आली, तर ती कॉइलची, म्हणजे मदरबोर्डवरच्या तारेच्या वेटोळ्यांची, असते. ती धोकादायक नसते, पण ती सहन होणार की नाही, हे परत करण्याच्या मुदतीतच ठरवावे, कारण पुढे तो दोष म्हणून क्वचितच मान्य होतो.

कीबोर्डविषयी पहिल्या दिवशी काही लिहू नये; बोटांना दोन आठवडे लागतात. फक्त खेळताना डब्ल्यू-ए-एस-डी या कळांचा भाग किती गरम होतो, तेवढे जरूर टिपावे.

वीज आणि बॅटरी

मोठ्या लॅपटॉपांची बॅटरी ९९ वॉट-अवर्सच्या आसपास थांबलेली दिसते, त्याचे कारण विमानप्रवासाच्या नियमांत आहे: १०० वॉट-अवर्सपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीशिवाय सोबत नेता येते. आता साधे गणित करावे. केवळ ग्राफिक्स चिपनेच १७५ वॉट घेतले असते, तर ही बॅटरी ३५ मिनिटेही पुरली नसती. म्हणूनच अडॅप्टर काढताच यंत्र स्वतःहून वीज कमी करते आणि खेळ निम्म्याहून हळू होऊ शकतो. बॅटरीवर खेळणे या वर्गाच्या लॅपटॉपकडून अपेक्षूच नये. बॅटरीवर लिहिणे, वाचणे आणि चित्रफिती पाहणे किती वेळ चालते, तेवढेच मोजावे.

एक चाचणी मात्र प्रत्येकाने करावी, कारण ती फार थोडे लोक करतात. अडॅप्टर जोडलेला असताना बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींवर भार टाकणारा खेळ एक तास चालवावा. तासाअखेर बॅटरी १०० वरून ९० वर उतरली असेल, तर याचा अर्थ यंत्राची भूक अडॅप्टरच्या ताकदीपेक्षा मोठी आहे आणि उरलेली वीज ते बॅटरीतून ओढत आहे. अशा स्थितीत बॅटरी लवकर झिजते. प्रोसेसरची मर्यादा दहा-पंधरा वॉटने खाली आणली की हे बहुधा थांबते.

यूएसबी-सीच्या १०० वॉटच्या चार्जरवर साधे काम छान चालते, आणि प्रवासात मोठा अडॅप्टर घरी ठेवता येतो, ही मला या यंत्राची फार मोलाची सोय वाटते. २०२१ मध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा मानक २४० वॉटपर्यंत वाढवला गेला, तरी आपले यंत्र त्या दारातून किती वॉट घेते, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे. दिवसभर अडॅप्टरला जोडून वापरायचे असेल, तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी.

मूळ नोंद झाल्यावरच बदल

पहिल्या पंधरवड्याची नोंद पूर्ण झाली की मग यंत्र आपल्या मनासारखे करून घ्यायला हरकत नाही, परंतु एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत फलदायी बदल फ्रेम रेटला मर्यादा घालण्याचा आहे. ज्या खेळात १७० फ्रेम्स मिळतात पण नजरेला १२० पुरतात, तिथे मर्यादा घातल्यावर वीज, उष्णता आणि आवाज हे तिन्ही एकदम उतरतात. त्यानंतरचा बदल ग्राफिक्स चिपचा व्होल्टेज-वक्र (कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचे ते ठरवणारा आलेख) थोडा खाली आणण्याचा. यात यंत्राला इजा होण्याची भीती नसते, फार तर खेळ बंद पडतो आणि आपण एक पायरी मागे येतो.

प्रोसेसरच्या अंडरव्होल्टिंगबाबत, म्हणजे त्याचे व्होल्टेज कमी करण्याबाबत, परिस्थिती यंत्रागणिक बदलते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, आणि त्यानंतर इंटेलने दिलेल्या सुधारणांमुळे अनेक लॅपटॉपांत ही सोय कुलूपबंद झाली. मागणीनुसार यंत्रे देणारे काही विक्रेते बायोसमध्ये तो पर्याय खुला ठेवतात, आणि अशा ठिकाणाहून घेण्याचे माझ्या मते ते एक सबळ कारण आहे. बायोस अद्ययावत करताना अडॅप्टर जोडलेला असावा, आणि बिटलॉकर (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यावी. ती नसल्यामुळे स्वतःच्याच माहितीला मुकलेली माणसे मी पाहिली आहेत.

रॅमबाबत थोडक्यात: एकाऐवजी दोन पट्ट्या असाव्यात, कारण एका पट्टीवर मेमरीची निम्मी रुंदी वाया जाते आणि खेळातले बारीक झटके वाढतात. चार खाचा असलेल्या यंत्रात चारही भरल्या, तर रॅमचा वेग खाली येतो. खेळासाठी दोन मोठ्या पट्ट्याच बऱ्या.

पुढचे महिने

दर तीन महिन्यांनी मूळ तीन चाचण्यांपैकी निदान तिसरी पुन्हा घ्यावी, शक्यतो त्याच तापमानाच्या खोलीत. तोच खेळ आणि तोच प्रसंग निवडावा. खेळ किंवा ड्रायव्हर नव्याने अद्ययावत झाला असेल, तर पहिली फेरी सोडून द्यावी, कारण तिच्यात शेडर (खेळातली चित्रे रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असल्यामुळे झटके बसतात. सरासरी फ्रेम्सबरोबर 'एक टक्का लो' (सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सचा वेग) हा आकडाही लिहावा. सरासरी तीच राहून हा आकडा घसरत गेला, तर उष्णता, रॅम किंवा मागे चालणारा एखादा प्रोग्राम यांपैकी कशाततरी फरक पडला आहे.

तापमान चार-पाच अंशांनी चढले की आधी धूळ काढावी. तळ उघडताना कोणता स्क्रू कुठला, हे कागदावर आकृती काढून त्यावरच चिकटपट्टीने लावून ठेवावे, कारण त्यांची लांबी सारखी नसते. आणि सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढावी. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती बेफाम फिरतात आणि बेअरिंगला इजा होऊ शकते.

धूळ काढूनही कोअरांतला फरक वाढलेलाच असेल, तर पेस्टकडे वळावे. उघड्या चिपवर पातळ पेस्ट वारंवार तापण्या-निवण्याने हळूहळू कडेला सरकते. हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी साधारण ४५ अंशांना मऊ होणारी पट्टी तशी सरकत नाही, म्हणून लॅपटॉपसाठी मी तीच सुचवीन. पेस्टऐवजी लावल्या जाणाऱ्या द्रवधातूचे आकडे मोहक असतात, पण तो वीज वाहतो, त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरते, आणि पिशवीत उभे-आडवे हिंदकळणाऱ्या यंत्रात तो ओघळला तर मदरबोर्ड जातो. कारखान्यातून नीट बांध घालून आलेला असेल तर राहू द्यावा. घरी स्वतः लावू नये.

आपला अनुभव इतरांसाठी लिहायचा असेल, तर पहिल्या आठवड्याचे मत आणि तीन महिन्यांनंतरचे मत वेगवेगळे, तारखेसह द्यावे. सांगाड्याचा क्रमांक, ग्राफिक्सची वीजमर्यादा, खोलीचे तापमान आणि पंख्यांचे प्रोफाइल यांच्याशिवाय दिलेला कोणताही आकडा वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. आपल्याकडे त्या जातीचे एकच यंत्र आहे, आणि एकाच दिवशी बनलेल्या दोन चिपांतही फरक असतो, हे स्पष्ट लिहावे. जे नंतर दुरुस्त करून घेतले, ते मूळ स्थितीच्या आकड्यासह द्यावे. माझ्या नोंदीत ८८ वॉट आणि १०७ वॉट हे दोन्ही आकडे आजही शेजारी शेजारी आहेत, आणि त्या सांगाड्याविषयी विचारणाऱ्याला मी दोन्ही देतो.